रुमालांत बांधलेले रण

नागपूरच्या नैर्ऋत्येस वेणा नदीच्या काठी वसलेले हिंगणा हे गाव आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे आणि सकाळ-संध्याकाळ तिकडे धावणाऱ्या वाहनांच्या रांगांमुळे ओळखले जाते. परंतु ज्या काळी नागपूर ही भोसल्यांची राजधानी होती, त्या काळी राजधानीपासून अवघ्या चार-पाच कोसांवर असणे ही कोणत्याही गावाच्या दृष्टीने जितकी लाभाची, तितकीच धास्तीची गोष्ट होती. फौज राजधानीतून बाहेर पडो की राजधानीवर चाल करून येवो, तिच्या घोड्यांची वैरण, बैलांचा कडबा आणि माणसांची ज्वारी जवळच्या काळी-पांढरीतूनच उचलली जाणार, हे ठरलेले असे. लढाई जिंकली की हरली, हा प्रश्न दरबाराचा. उभ्या पिकातून फौज गेली की नाही, हा प्रश्न गावाचा.

१८०३ च्या अखेरीस अडगाव आणि गाविलगड येथे दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा मोड झाला, देवगावच्या तहाने कटकचा प्रांत आणि वर्धा नदीपलीकडचा मुलूख हातचा गेला, आणि राज्याचा जो मोठा लचका असा एकाएकी तुटला त्याची भरपाई उरलेल्या प्रांतातील रयतेकडून करून घेण्याचा मार्ग दरबाराने पत्करला. सारा वाढला, नव्या पट्ट्या बसल्या, शिपायांचे पगार मात्र थकत गेले. आणि पगार थकलेली फौज जेथे मुक्कामाला उतरे तेथेच आपले पोट भरू लागली. तिच्या हातून जे सुटे त्यावर पेंढाऱ्यांची धाड पडे. १८११ साली पेंढाऱ्यांनी थेट नागपुरापर्यंत मजल मारून शहराचा एक पुरा जाळला, तेव्हा उघड्या माळावरच्या खेड्यांची काय कथा! या भागात गावोगाव दिसणाऱ्या मातीच्या ढासळत्या गढ्या त्या काळाच्या आहेत. पेंढारी येत असल्याची आवई उठली की पोरेबाळे, गुरेढोरे आणि दाण्याची पोती घेऊन गाव त्या भिंतींच्या आत शिरत असे, आणि भिंती टिकल्या तर माणसे टिकत असत.

पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ या तारखांना, सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांच्या पलटणींची गाठ पडली. डिसेंबरात शहराजवळ दुसरी लढाई झाली, आणि भोसल्यांचे राज्य नावापुरते उरले. या घडामोडींचा वृत्तांत रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या १८२७ साली छापलेल्या अहवालात आहे, काशीराव राजेश्वर गुप्ते यांच्या बखरीत आहे, आणि विसाव्या शतकात यादव माधव काळे यांनी १९३४ साली सिद्ध केलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात तो साक्षेपाने मांडलेला आहे. जेंकिन्सच्या अहवालात रयतेची हलाखीही आलेली आहे; तथापि ती नव्या धन्याच्या कारभारी नजरेने मोजलेली हलाखी आहे. तीत रयतेविषयी पुष्कळ सांगितले आहे, रयत स्वतः मात्र बोलत नाही. नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांचा भव्य वाडा १८६४ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, आणि ज्या भिंतींनी त्या काळची माणसे पाहिली त्याही गेल्या.

युद्ध ज्यांच्या अंगावरून गेले त्यांना बोलते करायचे तर कोणत्या प्रकारचा मनुष्य लागतो, हा प्रश्न मला फार दिवस महत्त्वाचा वाटत आला आहे. सेनापती लागत नाही, हे उघड आहे. नुसता इतिहासकारही पुरत नाही, कारण त्याचे लक्ष स्वभावतःच निकालाकडे असते. जगाच्या वाङ्मयात हे काम पुष्कळदा नाटककारांनी केलेले आढळते. एस्किलस हा ग्रीक नाटककार इराण्यांशी मॅरेथॉनच्या रणांगणात स्वतः लढलेला, पण इ. स. पू. ४७२ मध्ये त्याने नाटक रचले ते पराभूत इराण्यांच्या राजवाड्यातील शोकाचे. अथेन्सने मेलोस बेटावरील पुरुषांची कत्तल करून बायकामुले गुलाम म्हणून विकली, त्यानंतर काही महिन्यांतच, इ. स. पू. ४१५ मध्ये, युरिपिडीसने त्याच अथेन्सच्या नागरिकांसमोर ट्रॉयच्या बंदिवान स्त्रिया उभ्या केल्या. आपल्याकडे व्यासांनी अठरा दिवसांच्या युद्धानंतर स्त्रीपर्व लिहिले, आणि भासाने मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाला त्याच्या लहानग्या मुलासमोर बोलते केले. शत्रूच्याही तोंडी त्याचे स्वतःचे दुःख घालता येणे, ही नाटककाराच्या धंद्याचीच शिकवण आहे. कारण ज्याला एकाच पक्षाची भाषा येते त्याच्याकडून संवाद लिहून होत नाही.

महाराष्ट्रात या कामास जो मनुष्य लाभला तो मिरजेच्या शाळेतील एक संस्कृत शिक्षक होता. वासुदेव वामनशास्त्री खरे यांचा जन्म ५ ऑगस्ट १८५८ रोजी कोकणात गुहागर येथे झाला. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्या संस्थेच्या आरंभीच्या दिवसांत काही काळ शिकवले, आणि मग ते मिरजेस आले ते तेथलेच झाले. आयुष्याची सुमारे तीन दशके त्यांनी मिरजेच्या मुलांना संस्कृत शिकवण्यात घालवली. या काळात त्यांनी काव्य लिहिले, नाटके लिहिली, १८९२ साली नाना फडनविसांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे छापण्यास प्रारंभ केला. शिक्षकाच्या पगारावर आणि शिक्षकाला उरणाऱ्या वेळात उभे राहिलेले हे काम आहे, हे त्याचे मोल करताना विसरता कामा नये.

मिरज आणि सांगली हा टापू या कामास किती अनुरूप होता, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १७६१ च्या सुमारास मिरजेचा किल्ला व त्याचा सरंजाम गोविंद हरी पटवर्धन यांजकडे आला, आणि तेव्हापासून पेशवाई बुडेपर्यंत दक्षिणेकडील जवळजवळ प्रत्येक मोहिमेचा भार या घराण्याने वाहिला. हैदर, टिपू, निजाम, कोल्हापूरकर, सर्वांशी त्यांच्या लढाया झाल्या. १७७७ च्या जानेवारीत धारवाडनजीक संशी येथे हैदराच्या फौजेशी जी लढाई झाली तीत कोन्हेरराव पटवर्धन ठार झाले, आणि गोविंद हरींचे चिरंजीव पांडुरंगराव शत्रूच्या हाती सापडले. त्यांना श्रीरंगपट्टणास नेण्यात आले, आणि त्याच वर्षी कैदेतच त्यांचा अंत झाला. मागे राहिलेल्या मुलांपैकी चिंतामणराव हे तेव्हा जेमतेम पाळण्यातून उतरलेले होते; वडील भावाच्या मृत्यूनंतर, १७८२ साली, वयाच्या अवघ्या सहाव्या वर्षी सरदारी त्यांच्या नावे झाली. पुढे चुलत्याशी बेबनाव होऊन १८०१ मध्ये त्यांनी सांगली वेगळी केली. हेच ते चिंतामणराव आप्पासाहेब, ज्यांनी कर्नाटकातून आलेल्या मंडळींचा खेळ पाहून विष्णुदास भावे यांना तसा खेळ मराठीत रचण्याची आज्ञा केली, आणि ज्यांच्या आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ झाले.

मराठी रंगभूमीचा जन्म कोणत्या दरबारात झाला हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण तो आश्रयदाता स्वतः युद्धाने बापाला पारखा झालेला मुलगा होता, हे क्वचितच कोणी सांगतो. मला ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. तरीही विष्णुदासी नाटकांत युद्ध येई ते देवदानवांचे: राळेच्या भडक्यात, आरडाओरडा करीत राक्षस रंगभूमीवर उड्या मारीत आणि प्रेक्षक भयाने व आनंदाने थरारून जात. त्या वेळी प्रेक्षागृहात असे वृद्ध खचित बसलेले असतील ज्यांनी खरी लढाई पाहिली होती. त्यांच्या आठवणींना त्या रंगमंचावर जागा नव्हती. त्या आठवणी अद्याप रुमालांत बांधलेल्या होत्या.

मिरज गाव तोवर बदलले होते. तलवारींना धार लावणारे, भाले आणि बंदुका दुरुस्त करणारे तेथील शिकलगार पेशवाईनंतर रिकामे झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांतील काही कुटुंबांनी तंबोरे आणि सतारी घडवण्याची कला हस्तगत केली. पात्याचा कस पारखणारी नजर आता तारेखालची जव्हारी लावण्यात गुंतली. लष्करी पेठेचे असे वाद्यांच्या पेठेत रूपांतर होत असता, त्याच गावात, जुन्या फौजेची पत्रे वाचण्याचा उद्योग एका शास्त्र्याने आरंभला.

हा उद्योग म्हणजे काय, हे आजच्या वाचकास डोळ्यांपुढे आणून दिल्याशिवाय त्याचे कष्ट कळायचे नाहीत. दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. गाठ सोडली की जुन्या कागदाचा आणि धुळीचा वास येतो. कसरीने चाळण केलेल्या गड्ड्या हातात येतात. कित्येक पत्रे दमटपणाने एकमेकांना चिकटलेली असतात व ती ओढून काढता येत नाहीत, धीराने सोडवावी लागतात. बोरूने लिहिलेली शाई टिपण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण इतक्या वर्षांनंतरही बोटांना लागतात. लिपी मोडी, आणि तीही छावणीत, कधी घोड्यावरून उतरल्याबरोबर लिहिलेली: शब्द शब्दापासून तोडलेला नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक नाही, नावे अर्धवट, ठिकाणे अपभ्रष्ट. वर ‘विज्ञापना’, खाली ‘हे विनंति’. तारीख घातलेली असेल तर ती ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी चंद्राची, म्हणजे रज्जब, साबान, रमजान अशी, आणि वर्ष बहुधा घातलेलेच नाही, कारण लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला चालू साल कोणते हे ठाऊक होते. मग त्या पत्रात उल्लेखिलेली कुठलीशी नदी उतरल्याची हकिकत दुसऱ्या कोणत्या पत्रातील हकिकतीशी जुळते हे पाहायचे, जंत्रीवरून महिना बसवायचा, आणि तेव्हा कोठे त्या कागदाला काळाच्या ओळीत आपली जागा मिळायची. असे शेकडो नव्हेत, हजारो कागद शास्त्रीबुवांनी वाचले, निवडले, अनुक्रमाने लावले आणि प्रत्येक प्रकरणाची पार्श्वभूमी आपल्या सुबोध गद्यात सांगून मग पत्रांना पुढे केले.

येथेच त्यांच्यातला नाटककार मला दिसतो. प्रवेशापूर्वी सूत्रधाराने येऊन स्थळ, काळ आणि प्रसंग सांगावा व मग बाजूला होऊन पात्रांना बोलू द्यावे, तशी या खंडांची रचना आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या प्रस्तावना प्रज्ञेने दिपवून टाकतात, पण त्यांत पुष्कळदा राजवाडेच बोलत राहतात; शास्त्रीबुवा सांगायचे तेवढे सांगतात आणि मागे सरतात. अठराव्या शतकातील मराठी पत्रांचा एक विशेष असा की वकील किंवा कारकून धन्याला मसलतीचा वृत्तांत कळवताना ती संभाषणाच्याच रूपाने कळवतो: ते असे बोलिले, त्यावर आम्ही असे उत्तर केले, मग त्यांनी घटकाभर विचार करून अमुक म्हटले. ज्याने आयुष्यभर कालिदास आणि भवभूती मुलांना शिकवले, व ज्याने स्वतः रंगभूमीसाठी संवाद लिहिले, त्याला या ओळींतून नुसती बातमी नव्हे, बोलणाऱ्याचा सूरही ऐकू येत असणार. कोण भिऊन बोलतो, कोण वेळ काढतो, कोणाच्या अदबीमागे राग आहे, हे ओळखल्यावाचून अशी पत्रे निवडता येत नाहीत.

आणि या सुरांतून युद्ध कसे दिसते? दूरवरून पाहणाऱ्याला लढाई म्हणजे तलवार आणि तोफ. छावणीत बसून लिहिणाऱ्याला ती मुख्यतः दाणा, वैरण आणि पैसा. कहीसाठी, म्हणजे चारा-लाकूडफाटा आणायला, गेलेले लोक परतले की नाहीत, चंदी किती दिवस पुरेल, लमाणांचे तांडे कोणत्या घाटाने येत आहेत, धान्याची धारण काय झाली आहे, शिलेदार रोजमुऱ्यासाठी धरणे धरून बसले आहेत त्यांची समजूत कशी काढावी, अशा काळज्यांनी मराठी लष्करी पत्रव्यवहार भरलेला असतो. एका मोहिमेचा दाखला घेऊ. १७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडास वेढा घातला, तो पुढच्या वसंतापर्यंत, सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. मदतीस कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी होती. धारवाड पडल्यावर भाऊ आणि पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके श्रीरंगपट्टणाकडे वळले. इकडे लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीपाशी जाऊन पोचला होता खरा, पण त्याच्या फौजेतील बैल मरून पडले होते, दाणा संपला होता, माणसे उपासमारीने आणि रोगाने खंगली होती. अखेर मे १७९१ च्या शेवटच्या आठवड्यात आपल्या वेढ्याच्या जड तोफा आपल्याच हाताने निकामी करून त्याने माघार घेतली. त्याच वेळी मराठ्यांच्या फौजा येऊन मिळाल्या, आणि भुकेल्या इंग्रजी लष्कराला मराठी छावणीचा बाजार दिसला. तेथे धान्य होते, तूप होते, कापड होते, सराफाची दुकाने होती, गरजेची आणि चैनीची बहुतेक प्रत्येक वस्तू होती. भाव मात्र बाजाराच्या मर्जीचे होते. इंग्रज ग्रंथकारांनी या बाजाराचे सविस्मय वर्णन केले आहे. पण तो बाजार भरला कशाने, याचा विचार केला म्हणजे विस्मयाची जागा खेद घेतो. त्यातला पुष्कळ दाणा लमाणांनी दूरदूरच्या पेठांतून विकत आणला होता हे खरे. तरी ज्या मुलखातून एवढी फौज महिनोन्महिने फिरली त्या मुलखाच्या कणग्यांतलाही काही त्यात होताच.

फौज पुढे गेली की मागे उरे तो ओस मुलूख. मराठी राज्यव्यवस्थेने या आपत्तीसाठी काही इलाज मुक्रर केलेले होते, आणि मला ते या इतिहासाचे सर्वांत माणुसकीचे पान वाटते. परागंदा झालेल्या रयतेस परत आणण्यासाठी मामलेदार कौल, म्हणजे अभयाचे लेखी वचन, देई; ‘फौजेच्या पायमल्लीने’ बुडालेल्या पिकाबद्दल सारा सुटे किंवा तहकूब होई; पडीत जमीन पुन्हा वहिवाटीस यावी म्हणून इस्तावा ठरे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आकार आणि मग दरसाल थोडा थोडा चढवीत पूर्ण दस्त. कागदावरचे प्रत्येक वचन पाळले गेले असे कोण म्हणेल? परंतु ते द्यावे लागत होते, यावरून गाव उठून जाण्याचे सामर्थ्य हे रयतेचे एकमेव हत्यार होते आणि दरबार त्याला भीत होता, एवढे तरी स्पष्ट होते. कौलाच्या कागदात कुणब्याचे बोलणे नसते, पण त्याच्या निघून जाण्याचे उत्तर असते. आणि कान तयार असेल तर उत्तरावरून प्रश्न ऐकू येतो.

रयतेकडे पाहणारी ही दृष्टी खऱ्यांच्या लेखसंग्रहात सर्वत्र सारखी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. दप्तर पटवर्धनांचे, लिहिणारे त्यांचे कारकून, वकील आणि भाऊबंद. तेव्हा त्यातून सर्वांत मोठ्याने ऐकू येतो तो सरदारांचाच आवाज, आणि नाना फडनविसांच्या कारभाराविषयी व पटवर्धनांच्या पराक्रमाविषयी शास्त्रीबुवांना असलेला जिव्हाळा त्यांच्या लेखणीत लपत नाही. १७९१ सालीच, ज्या मोहिमेचे वर्णन वर केले त्याच मोहिमेत, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेच्या पीठाची विटंबना झाली, माणसे मारली गेली. या अत्याचाराने पीडिलेल्यांचे म्हणणे ऐकायचे तर मिरजेचे रुमाल पुरे पडत नाहीत. त्यासाठी १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठातच जी कानडी पत्रे सापडली त्यांच्याकडे वळावे लागते. ती पत्रे आहेत टिपू सुलतानाची: मठाच्या झालेल्या नाशाबद्दल दुःख व्यक्त करणारी आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्य देणारी. हिंदूंच्या फौजेने लुटलेला मठ आणि त्याला साहाय्य करणारा मुसलमान सुलतान, असा हा प्रसंग आपल्या सोयीच्या कोणत्याच कल्पनेत बसत नाही. म्हणूनच मला तो जपून ठेवण्याजोगा वाटतो. युद्धात कोण पीडित आणि कोण पीडक हे ध्वजावरून ठरवता येत नाही, हे एका दप्तराशेजारी दुसरे दप्तर ठेवले म्हणजेच उमगते. खऱ्यांनी आपले दप्तर चोख उघडून ठेवले, म्हणून तर ही तुलना शक्य झाली.

याच परशुरामभाऊंच्या पुढच्या मोहिमेशी, खर्ड्याच्या लढाईशी, आपल्या नागपूरचाही संबंध आहे. ११ मार्च १७९५ रोजी निजामाविरुद्ध सारे मराठे सरदार शेवटचे एका झेंड्याखाली उभे राहिले, त्यांत रघूजी भोसल्यांची फौज होती, आणि तिच्या बाणांच्या भडिमाराने निजामाच्या गोटात गोंधळ उडाला. सेनापतिपद परशुरामभाऊंकडे होते. स्वतः भाऊ जखमी झाले आणि त्यांच्या घराण्यातील विठ्ठलराव कामास आले. निजाम रातोरात खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला, आणि मग त्याच्या अफाट लष्कराची, बुणग्यांची, जनान्यातील स्त्रियांची पाण्यावाचून जी तडफड झाली, तिच्यापुढे दिवसाची लढाई काहीच नव्हती. विजयाचे वर्णन करणारे बहुधा तोफांपाशी थांबतात. तहानेची बाजू पाहायची तर लढाईनंतरच्या दिवसांचे कागद वाचावे लागतात.

शास्त्रीबुवांची नाटके आज कोणी करीत नाही. ‘गुणोत्कर्ष’, ‘तारामंडळ’, ‘चित्रवंचना’, ‘कृष्णकांचन’, ‘शिवसंभव’, ‘उग्रमंगल’ ही नावे रंगभूमीच्या इतिहासात उरली आहेत. त्यांतले ‘उग्रमंगल’ मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने गाजवले, म्हणून गाण्याच्या रसिकांना ते अजून आठवते. नाटककार म्हणून त्यांना देवल-खाडिलकरांच्या पंक्तीस बसवावे असा माझा आग्रह नाही; संस्कृत नाटकाचा साचा त्यांच्या कथानकांवर जरा जडच पडतो. परंतु ‘शिवसंभवा’चा विषय त्यांनी निवडला, यात मला त्यांचा पिंड दिसतो. शिवजन्मापूर्वीचा तो काळ म्हणजे निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या तिढ्यात सापडलेल्या मराठी घराण्यांच्या फरफटीचा काळ. जुलै १६२९ मध्ये लखूजी जाधवराव निजामशहाच्या दरबारात पुत्रांसह मारले गेले, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या कन्येने शिवनेरीवर पुत्राला जन्म दिला. पिता व भाऊ दरबारी कपटाने मारले गेलेले, पती स्वारीवर, आणि आपण परक्या किल्ल्याच्या आश्रयाला, अशा स्थितीतील एका गर्भवती स्त्रीचा तो काळ आहे. दिग्विजयाच्या अगणित कथा हाताशी असताना या शिक्षकाला या काळाकडे वळावेसे वाटले. रुमालांतील पत्रे वाचून वाचून युद्धाची जी बाजू त्यांच्या मनात घर करून बसली होती, तीच येथे पात्ररूपाने बाहेर आली असावी, असे मला वाटते.

सेवानिवृत्तीनंतरही त्यांचे वाचन थांबले नाही. यदुनाथ सरकारांसारख्या काटेकोर इतिहासवेत्त्याने ज्यांच्या कामाची थोरवी मोकळेपणाने मान्य केली, असे ते संशोधक होते. पेशवे दप्तर तोवर संशोधकांना खुले झालेले नव्हते; गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडलेले पंचेचाळीस खंड १९३० नंतर निघाले, म्हणजे पेशवाईच्या उत्तरार्धाचे चित्र रेखाटू पाहणाऱ्याला त्यापूर्वीची तीस-पस्तीस वर्षे मिरजेच्या या खंडांवाचून गत्यंतर नव्हते. ११ जून १९२४ रोजी शास्त्रीबुवा वारले. तोपर्यंत लेखसंग्रहाचे बारा खंड झाले होते. पुढले काम त्यांच्या चिरंजीवांनी चालवले.

या खंडांच्या अखेरच्या भागात १७९९ चे पर्व आहे. त्या वर्षी कोल्हापूरकरांशी चाललेल्या वैरात तासगावचा पटवर्धनांचा वाडा जळाला, आणि सप्टेंबरात पट्टणकोडोलीच्या माळावर परशुरामभाऊ मारले गेले. धारवाड घेणारा, खर्ड्यावर सेनापतिपद भूषवणारा, आणि ज्याच्या सैन्यामागून गेलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी लुटली तो हा पुरुष आता स्वतः जखमी देहाने शत्रूच्या हाती पडला होता, आणि त्याच्या घरची माणसे निराधार झाली होती. मिरज संस्थानच्या शाळेत नोकरी करणाऱ्या, पटवर्धनांच्या मिठाला जागणाऱ्या या शिक्षकाने विजयाची पत्रे ज्या क्रमाने व ज्या निगुतीने छापली, त्याच क्रमाने व त्याच निगुतीने या पडझडीच्या दिवसांचे कागदही छापले, आणि त्यांतील विपन्नावस्था जशीच्या तशी वाचकांपुढे ठेवली.